जेवण नाही, तरी इन्सुलिन हवेच

तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला पोचते. मधुमेह असलेले वारकरीही या वाटेने चालतात. उलट्या झाल्या, घास गेला नाही, की ‘पोटात काही नाही, मग इन्सुलिन कशाला?’ असे वाटणे साहजिक आहे. पण नेमका तिथेच घात होतो.

इन्सुलिनविना रक्तातली साखर पेशींत नीट शिरत नाही. मग शरीर चरबी जाळते आणि कीटोन (यकृतात बनणारे आम्लधर्मी पदार्थ) तयार होतात. गुऱ्हाळाच्या चुलवाणात ओले चिपाड घातले की धूर होतो, तसेच हे. थोडा धूर धुराड्यातून निघून जातो. साध्या उपासातले कीटोन तेवढेच. धूर कोंडला की कीटोॲसिडोसिस (रक्तात धोकादायक आम्ल साठणे): फार तहान, उलट्या, पोटदुखी, खोल भरभर श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. धोका टाइप १ मध्ये जास्त, पण टाइप २ मध्येही असतो. मधुमेहावरच्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांत तर साखर फारशी न वाढताही हे घडू शकते.

रक्तातली साखर २५० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर असेल किंवा उलट्या होत असतील, तर लघवीची कीटोनपट्टी पाहा. आजारपणात इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका. मात्रा डॉक्टरांना विचारा. श्वास भरभर चालू लागला, तर थेट रुग्णालय गाठा.