फुकट मिळालं म्हणजे बेवारस नाही! ‘ओपन सोर्स’ म्हणजे काय, समजून घ्या शेतकऱ्याच्या भाषेत

कारंजा (लाड) : मागच्या खरिपात पीक विम्याचे कागद घेऊन एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो होतो. माझा नंबर आला अन् मशीनच बंद पडली. दुकानदार म्हणे, “भाऊ, क्रॅक टाकलेलं सॉफ्टवेअर होतं, त्यातून व्हायरस आला.” माझ्या दोन चकरा वाया गेल्या, ते जाऊ द्या. पण कित्येकांचे आधार, सातबारा, बँक पासबुक त्याच मशीनमध्ये होते. ते कुठं गेले, हे सांगणारं कोणी नव्हतं.

क्रॅक म्हणजे काय? कंपनीचं विकतचं सॉफ्टवेअर कुलूप तोडून फुकटात वापरणं. सॉफ्टवेअर दिसत नाही, हातात येत नाही, म्हणून ही चोरी वाटत नाही. पण आपल्या देशात कॉपीराईट कायदा, 1957 नुसार पुस्तकासारखाच सॉफ्टवेअरवरही लिहिणाऱ्याचा हक्क असतो. त्यासाठी नोंदणी केलीच पाहिजे असंही नाही. लिहिलं की हक्क लागू. चोरीचं आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरलं, तर कलम 63-ब प्रमाणे 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकते. पण दुकानदाराचा तर तो धंदाच आहे.

मग गरिबानं करावं काय? इथं ओपन सोर्स कामी येते.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. सोयाबीनचं घरचं बियाणं आपण ठेवतो, शेजाऱ्याला देतो, पुढच्या साली पुन्हा पेरतो. वाणावर कोणाचा नोंदणीकृत हक्क असला तरी 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं ही मोकळीक शेतकऱ्याला दिली आहे. फक्त ब्रँडच्या नावानं पाकिटात भरून विकता येत नाही. म्हणजे मोकळीक आहे, पण अटही आहे. ओपन सोर्सचं तसंच. बनवणारा सांगतो की वापरा, वाटा, आतली रचना उघडून बघा, पाहिजे तर बदला. पण माझं नाव पुसू नका. काही परवान्यांत आणखी एक अट असते. बदल करून दुसऱ्याला दिलं, तर ते बदलही तसेच खुले ठेवा.

बरेच जण म्हणतात, फुकट दिलं म्हणजे हक्क सोडला. तसं नाही. मालक हक्क राखून ठेवतो, म्हणूनच त्याला अट घालता येते.

अट नसली तर काय होते, हे विदर्भानं पाहिलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये आपल्या धानात वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून ‘एचएमटी’ वाण तयार केला. बियाणं मोकळ्या हातानं वाटलं. वाण दूरदूर गेला, पण नाव आणि मोबदला त्यांच्या मागं गेला नाही. ही खंत घेऊनच 3 जून 2018 रोजी ते गेले. त्या काळी वाणाच्या हक्काचा कायदाच नव्हता.

आता दुसरीकडे बघा. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं 1991 मध्ये ‘लिनक्स’ बनवून सगळ्यांना खुलं केलं. पुढच्याच वर्षी त्याला पक्का परवाना जोडला. आज तुमच्या हातातला अँड्रॉइड मोबाईल त्याच लिनक्सच्या पायावर चालतो. वाटलं त्यानंही, पण लेखी अटीवर. म्हणून नाव राहिलं.

एक लक्षात ठेवा. फुकट मिळणारं प्रत्येक ॲप ओपन सोर्स नसते. व्हॉट्सॲप फुकट आहे, पण खुलं नाही.

दुकानदार, क्लासवाले आणि पोरांसाठी :

• अर्ज, पत्र, हिशेबासाठी लिबर ऑफिस, इंटरनेटसाठी फायरफॉक्स, व्हिडिओसाठी व्हीएलसी. तिन्ही ओपन सोर्स. पेन ड्राईव्हनं मित्राला दिलं तरी गुन्हा नाही.
• मराठी टायपिंगसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचे मुक्त, बलू हे फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतात. लग्नपत्रिकेलाही चालतात.
• जे घ्याल ते मूळ वेबसाईटवरूनच घ्या. कोणी पाठवलेल्या लिंकवरून नको.
• पूर्ण कॉम्प्युटर लिनक्सवर नेण्याआधी अंगठ्याचं मशीन, डिजिटल सही, प्रिंटर त्यावर चालते का, तपासून घ्या.
• गावातल्या पोरानं ॲप बनवलं तर त्यात आपलं नाव, साल आणि परवाना लिहून मगच वाटावं.

आणि तुम्ही कागद द्यायला गेलात, तर दुकानदाराला सरळ विचारा, “भाऊ, सॉफ्टवेअर क्रॅकचं तर नाही ना?” सातबारा आपला आहे, विचारायचा हक्कही आपलाच.