आधी ‘तिलावा’, मग नेताजी: एका पाणबुडीचे सहा महिने

आमच्या गावाला, भांडगावला, समुद्र नाही. आमच्या कानावर आवाज पडतो तो पुणे-सोलापूर रस्त्याचा आणि खुटबाव-केडगावकडे जाणाऱ्या रेल्वेगाड्यांचा. तरी बुडालेल्या एका आगबोटीची ही गोष्ट मला याच रुळांपासून सांगावीशी वाटते.

९ ऑगस्ट १९४२. पहाटे मुंबईत पकडलेल्या काँग्रेस नेत्यांना घेऊन खास गाडी निघाली. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. नेहरू, पटेल, आझाद पुढे दौंडवरून नगरच्या किल्ल्यात. म्हणजे ‘चले जाव’चं पुढारीपण आमच्या शिवाराजवळून कैदेत गेलं! ही मंडळी बंदिवासात असतानाच, २० नोव्हेंबरला, मुंबई बंदरातून ‘एसएस तिलावा’ सुटली. मोंबासा, मापुटो, डर्बन असा तिचा मार्ग. बोटीवर ९५८ माणसं. बहुतेक आपलीच, आफ्रिकेत पोटापाण्याला निघालेली किंवा तिथल्या घरच्यांकडे परतणारी.

२३ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर, सेशेल्सच्या ईशान्येला, जपानच्या ‘आय-२९’ पाणबुडीनं टॉर्पेडो सोडला. लोक लाइफबोटींत उतरले. पण बोट काही बुडेना! तग धरेल असं वाटून कित्येकजण पुन्हा वर चढले. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो आला. मला ही सगळी हकीकत वाचताना दर वेळी इथेच थांबावं लागतं. २८० जण गेले. दोन दिवस पाण्यावर काढलेल्या माणसांना ‘एचएमएस बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेनं उचललं. ‘कार्थेज’ जहाजाला आणखी चौघे सापडले. एकूण वाचले ६७८.

आता हीच ‘आय-२९’ पुढे कुठे भेटते पाहा. एप्रिल १९४३, मादागास्करजवळचा खवळलेला समुद्र. जर्मन पाणबुडी ‘यू-१८०’मधून दोन माणसं रबरी होडीत उतरली, लाटांत भिजून चिंब होत जपानी पाणबुडीवर चढली. एक सहकारी आबिद हसन, दुसरे खुद्द सुभाषचंद्र बोस. पाणबुडी तीच! मुंबईहून सुटलेली बोट बुडवल्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी तिनंच नेताजींना आशियात आणलं. ६ मे रोजी ते सुमात्राजवळच्या साबांगला उतरले, ऑक्टोबरात सिंगापूरमध्ये आझाद हिंद सरकार उभं राहिलं. आझाद हिंद फौजेवरचे लाल किल्ल्यातले खटले आणि त्यातून पेटलेला देश ही सगळी पुढची वाट. ‘तिलावा’चं बुडणं आणि नेताजींचा हा प्रवास एकाच धड्यात शिकवायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. ‘आय-२९’ स्वतः जुलै १९४४ मध्ये फिलिपाइन्सजवळ अमेरिकी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली.

बोट बुडाली आणि राजकारण हललं, म्हटलं की जग नाव घेतं ‘लुसिटानिया’चं. ७ मे १९१५, जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यानंतर अवघ्या १८ मिनिटांत तळाला. पण तिच्यामुळे अमेरिका लगेच युद्धात उतरली, ही समजूत चुकीची! उतरली एप्रिल १९१७ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. मधल्या काळात परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी राजीनामा दिला, तोही जर्मनीला धाडलेला खलिता फार कडक वाटला म्हणून.

मुंबईच्या वाटेवरची ‘पर्शिया’ आगबोटही १९१५ मध्येच गेली. ३० डिसेंबर, क्रीटजवळ, जेवणाच्या वेळी. काही मिनिटांतच बोट नाहीशी झाली, ३४३ बळी. त्यांत एडनला निघालेला अमेरिकी वाणिज्यदूत होता, म्हणून वॉशिंग्टन पुन्हा संतापलं. एलिनॉर थॉर्नटनही त्यातच बुडाली. रोल्स रॉइसच्या नाकावरची पंखवाली मूर्ती तिच्यावरूनच घडली असं मानतात. कपूरथळ्याचे महाराज आधीच मार्सेयला उतरले होते, म्हणून बचावले.

परत ‘तिलावा’कडे. तिच्या पोटात २,३६४ चांदीच्या विटा होत्या, दक्षिण आफ्रिकेनं नाणी पाडायला घेतलेल्या. २०१७ मध्ये एका कंपनीनं त्या अडीच किलोमीटर खोलीवरून वर काढल्या आणि इंग्लंडच्या साउदॅम्प्टनला नेल्या. दक्षिण आफ्रिका म्हणाली, चांदी आमची. कंपनी म्हणाली, काढण्याचा मोबदला द्या. प्रश्न बारीक होता: बोटीत नुसती पडून असलेली चांदी ‘व्यापारी वापरात’ होती का? खालच्या दोन न्यायालयांनी कंपनीची बाजू घेतली. ८ मे २०२४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, नव्हती. म्हणून परक्या सरकारला खटल्यापासून मिळणारं संरक्षण लागू. गंमत अशी, की निकालाआधीच दोघांत तडजोड झाली होती, पण मुद्दा मोठा म्हणून न्यायाधीशांनी निकाल दिलाच. बोटीचा सांगाडा तिथेच खाली आहे.