माणूस गेला, पण कलम कोणतं?

काशिमिऱ्याला हायवेवर ट्रकने कुणाला उडवलं किंवा भाईंदरच्या एखाद्या चाळीत भांडण पेटून चाकू चालला, तरी दोन्हीकडे माणूस गेलाच. गुन्हा मात्र वेगवेगळ्या कलमांखाली नोंदवला जातो. मारणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय होतं, हे कायदा आधी पाहतो.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि सगळ्यांच्या तोंडी बसलेलं खुनाचं ‘तीनशे दोन’ कलम 103 झालं. ठार मारण्याच्या किंवा जीव जाईल इतकी गंभीर इजा करण्याच्या हेतूने केलेला वार म्हणजे साधारणपणे खून. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. त्याखाली कलम 105, सदोष मनुष्यवध. हेतू होता, पण अचानक चिथावणीसारखा अपवाद लागू पडला, तर जन्मठेप किंवा 5 ते 10 वर्षं. हेतू नव्हता, मृत्यू होऊ शकतो याची नुसती जाणीव होती, तर 10 वर्षांपर्यंत. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम 106, साधारणपणे 5 वर्षांपर्यंत.

वकिलांची खरी झुंज असते ती या पायऱ्यांवर. 27 एप्रिल 1959 रोजी पत्नीने प्रेमसंबंधांची कबुली दिल्यावर नौदलातले कमांडर नानावटी यांनी कुटुंबाला सिनेमाला सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आणि मग तिचा प्रियकर प्रेम आहुजा याचं घर गाठून त्याला गोळ्या घातल्या. ज्युरीने त्यांना सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये खूनच ठरवला, कारण मधल्या जवळजवळ तीन तासांत राग आवरायला पुरेसा वेळ होता.

2008 मध्ये मालाडला मारल्या गेलेल्या नीरज ग्रोव्हरचं प्रकरण आठवा. मुख्य आरोपी तोही नौदलातलाच. मृतदेहाचे तुकडे करून मनोरजवळ जाळले, म्हणून लोकांनी खून गृहीतच धरला होता. पण आधी ठरवून मारलेलं नाही, असं म्हणत सत्र न्यायालयाने 2011 मध्ये सदोष मनुष्यवधासाठी 10 वर्षं दिली. निकाल अनेकांना रुचला नाही. पण मृतदेहाची विल्हेवाट हा पुरावा नष्ट करण्याचा स्वतंत्र गुन्हा आहे. तेवढ्यावरून मारतानाचा हेतू सिद्ध होत नाही.

अपघातही वरची पायरी चढू शकतो. 2006 मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू पिऊन चालवलेली गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली, सात जण मेले. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा मानून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने जाणीव होती असं धरून सदोष मनुष्यवध लावला, तीन वर्षं दिली, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. मला तरी यातली शिक्षा तोकडीच वाटते.

पोलिसांनी एफआयआरमध्ये लिहिलेलं कलम म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. जखमी दवाखान्यात दगावला तर खुनाच्या प्रयत्नाचं 109 बदलून 103 लागतं. पुढे सत्र न्यायालय ते उतरवूही शकतं. फिर्याद तुम्ही दिली असेल तर एफआयआरची प्रत मागून घ्या, ती मोफत मिळते.