आजोबांच्या खोलीतलं प्लास्टिक

घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की केराची टोपली दुप्पट वेगाने भरते. प्रौढांचे डायपर, लघवीची पिशवी, सिरिंज, हातमोजे, औषधाच्या बाटल्या. हे सगळं ‘प्लास्टिक खाणाऱ्या’ जिवाणूच्या पुढ्यात टाकलं तर?

हा जिवाणू 2016 मध्ये प्रकाशात आला. जपानमधल्या साकाई शहरातल्या बाटल्या-पुनर्वापर केंद्राच्या आवारात तो सापडला. त्याचं नाव इडिओनेला साकाइएन्सिस. त्याचं पेटेझ हे विकर ‘पेट’ प्लास्टिकच्या साखळीतले एस्टर बंध तोडतं. 30 अंश सेल्सिअसला पातळ फिल्म संपवायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले. 2020 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दुसऱ्या एका विकरात फेरफार करून 72 अंशांवर 10 तासांत 90 टक्के पेटचं विघटन साधलं.

पण आजोबांच्या खोलीत पेट म्हणजे फार तर सिरपची बाटली. सिरिंज पॉलिप्रॉपिलीनची, लघवीची पिशवी बहुधा पीव्हीसीची. त्यांच्या कार्बन-कार्बन साखळीपुढे पेटेझ हतबल! डायपर तर मिश्र मालाचा, त्यात मैला. तूर्त तो कागदात गुंडाळून वेगळा द्यावा. पुण्यात त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत रुजवण्याचा प्रयत्न झाला, ती कचरावेचकांचे हात सुरक्षित राहावेत म्हणून. सुया मात्र जाड डब्यातच.

आता उलटी बाजू: जे प्लास्टिक टिकायला हवं, तेच खाणारा जिवाणू. 2025 मध्ये ब्रिटनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या संशोधकांना रुग्णाच्या जखमेतून मिळालेल्या स्यूडोमोनास जिवाणूत पॉलिकॅप्रोलॅक्टोन पचवणारं विकर आढळलं. हे प्लास्टिक काही टाक्यांच्या धाग्यांत आणि ड्रेसिंगमध्ये वापरतात.