माल गोदामात, नोंद जुन्या पत्त्यावर

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. पालघर, बोईसर, तारापूर ही गावे जागची हलली नाहीत. परंतु दुकानाच्या बिलबुकापासून बँकेतील खात्यापर्यंत ‘जि. ठाणे’च्या जागी ‘जि. पालघर’ लिहिणे भाग पडले. पत्ता बदलला की प्रत्येक नोंद बदलावी लागते, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. घरच्या संगणकावरील गाण्यांच्या संग्रहाबाबत मात्र हाच नियम विसरला जातो.

जुन्या कॅसेटींवरील स्तवने, आजीने म्हटलेली गीते, लग्नघरातील ध्वनिमुद्रणे आता अनेक कुटुंबांनी संगणकावर उतरवून घेतली आहेत. पर्युषणासाठी एक यादी, सकाळी दुकान उघडताना लावण्यासाठी दुसरी, अशा याद्या वर्षानुवर्षे जमवलेल्या असतात. एखाद्या रविवारी कोणीतरी आवराआवर करतो. ‘न्यू फोल्डर २’ला ‘आजीची स्तवने’ असे नाव देतो, काही फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवतो. सायंकाळी यादी उघडली तर नावे दिसतात, आवाज येत नाही. आयट्यून्समध्ये गाण्याशेजारी उद्गारचिन्ह उमटते. आजीचा आवाज गेला, असे वाटून घरात हळहळ होते.

आवाज गेलेला नसतो. बोईसरच्या गोदामातील माल पालघरच्या गोदामात नेला आणि स्टॉकवहीत नोंद केली नाही, तर माल शाबूत असूनही वहीप्रमाणे तो सापडणार नाही. येथेही तेच घडते. असे सॉफ्टवेअर बहुधा गाणे स्वतःजवळ ठेवत नाही; ते कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरात आहे, एवढा पत्ता आपल्या वहीत लिहून ठेवते. फोल्डरचे नाव हा त्या पत्त्याचाच भाग आहे. बाहेरची हार्ड डिस्क दुकानातील संगणकास जोडल्यावर ‘ई’ऐवजी ‘एफ’ हे अक्षर मिळाले, तरीही पत्ता चुकतो.

अशा वेळी सर्वांत घातक चूक म्हणजे न सापडणाऱ्या नोंदी पुसून सर्व गाणी पुन्हा भरणे. गीताचे व गायकाचे नाव सहसा फाइलमध्येच असते, म्हणून ते परत दिसते. परंतु गाणे किती वेळा ऐकले, संग्रहात केव्हा आले आणि कोणत्या यादीत होते, ही माहिती मुख्यतः सॉफ्टवेअरच्या वहीत असते. नोंद पुसली की तीही जाते.

उपाय साधा आहे. फोल्डरला पूर्वीचे नाव द्यावे व ते पूर्वीच्या जागी ठेवावे. नोंदी शाबूत असल्यास सामान्यतः गाणी पुन्हा वाजू लागतात. नवी जागाच हवी असेल, तर सॉफ्टवेअरला ती दाखवावी. मीडियामंकीमध्ये हलवलेल्या फाइल शोधून पत्ता सुधारण्याची सोय आहे. आयट्यून्समध्ये संग्रहाची नवी जागा निवडून ‘कन्सॉलिडेट फाइल्स’ केल्यास गाण्यांच्या प्रती तेथे जातात; मूळ फाइल जागेवरच राहतात, म्हणून सर्व वाजते याची खात्री होईपर्यंत त्या पुसू नयेत.

पुढे आवराआवर करण्यापूर्वी गाण्यांची आणि सॉफ्टवेअरच्या वहीची, दोहोंची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. नावांची पद्धत एकदाच ठरवावी: आधी वर्ष, मग प्रसंग, मग गाणाऱ्याचे नाव. बदल शक्यतो सॉफ्टवेअरमधूनच करावा. एक प्रत घरी व एक दुकानात असावी.

बाजारातील गाणे पुन्हा विकत मिळेल. आजीच्या आवाजाची दुसरी प्रत बाजारात नाही. रोजमेळ लिहिल्याशिवाय दुकान न मिटणाऱ्या घरांनी या वहीचीही तेवढीच निगा राखावी.