बुलेटचा सायलेन्सर बदलताना

बाहेरून पाहिले तर सायलेन्सर म्हणजे इंजिनाला जोडलेली एक चकचकीत नळी. प्रत्यक्षात आवाज दाबणे, विषारी वायू कमी करणे आणि सिलिंडर पूर्ण रिकामा व्हायला मदत करणे अशी तीन कामे तिच्याकडे असतात. बुलेट, मिटिअर किंवा बजाज ॲव्हेंजरला बाजारातला दुसरा सायलेन्सर बसवताना या तिन्ही कामांचे काय होते, हे आधी पाहायला हवे.

बुलेटच्या ठेक्याचे गणित सोपे आहे. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला हजार फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला आठ ठोके पडतात. इतक्या संथ गतीमुळेच ते कानाला सुटे ऐकू येतात. प्रत्येक ठोक्याबरोबर इंजिनापासून निघणाऱ्या बेंड पाईपमधून दाबाची लाट धावते. रुंद पोकळीत पोचताच तिचा काही भाग उलट फिरतो, पण आता खेचणारी लाट होऊन. ती नेमक्या वेळी व्हॉल्व्हपाशी आली, तर उरलासुरला जळका वायू ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला आत येणे सोपे होते. ही वेळ कोणत्या फेऱ्यांवर जुळावी, हे पाईपची लांबी आणि व्यास ठरवतात. म्हणून ‘मोकळा सायलेन्सर म्हणजे जास्त ताकद’ हा समज बहुतेक वेळा खोटा ठरतो. ३४९ सीसीच्या मिटिअरचा कमाल टॉर्क ४,००० फेऱ्यांवर मिळतो. अशी क्रूझर चालवली जाते ती याच फेऱ्यांच्या आसपास आणि खाली. आतली जाळी व पडदे काढलेला पाईप नेमका तिथला जोर कमी करू शकतो.

दुसरा परिणाम मिश्रणावर होतो. वायूची वाट मोकळी झाली की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडू शकते. जुन्या कार्ब्युरेटरच्या बुलेटमध्ये जेट बदलून ते सावरता येते. इंधन इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर फरक ओळखतो. पण त्याची दुरुस्ती ठरावीक मर्यादेत, मुख्यतः एकसारख्या वेगात चालते. मिश्रण पातळ झाले की इंजिन तापते, ॲक्सिलरेटर सोडताच पाईपमध्ये फटफट सुरू होते. परभणी जिल्ह्यातल्या मे महिन्याच्या उन्हात ही जास्तीची उष्णता इंजिनाला परवडणारी नाही. चालत्या गाडीचे स्विच बंद-चालू करून मुद्दाम काढलेला ‘फटाका’ तर न जळालेले पेट्रोल तापल्या पाईपमध्ये पेटवतो. त्यात विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळून निकामी होऊ शकतो.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १७५ सीसीवरील दुचाकीला निर्मितीच्या वेळी ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलमध्ये दहाची वाढ म्हणजे दहापट ध्वनिऊर्जा. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दवाखाने व शाळांभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पुणे, नागपूरच्या पोलिसांनी जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवला, तो याच कर्णकर्कश आवाजासाठी. पीयूसी तपासणीत वायू मोजतात, आवाज नाही. ते प्रमाणपत्र सायलेन्सरला संरक्षण देत नाही. परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या एमएच २२ गाडीलाही हेच नियम लागू आहेत. त्यामुळे गंजलेला सायलेन्सर बदलायचा असेल, तर त्याच मॉडेलसाठी मान्य असलेला, कन्व्हर्टरसहित भागच घ्यावा. रात्री झोपलेल्या गावातून जाताना कमी आवाजाची किंमत कळते.

बसवण्याचे काम थंड इंजिनावरच करावे. सिलिंडर हेडजवळच्या नटांवर गंज काढणारे तेल घालून काही तास थांबावे; घाईत जोर लावला तर ॲल्युमिनियम हेडमधला स्टड तुटतो आणि छोटे काम मोठे होते. सेन्सर असल्यास त्याची वायर आधी सोडवावी, पिळू नये. जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये, कारण सांध्यातून शिरलेल्या हवेनेही पाईपमध्ये फटफट होते आणि सेन्सर चुकीचे वाचन देतो. नवा पाईप आधी सगळीकडे सैल अडकवावा. तो ब्रेक पॅडल, स्विंगआर्म आणि फूटरेस्टला घासत नाही ना, हे पाहूनच हेडकडून मागे क्रमाने नट कसावेत. आधी मागचा ब्रॅकेट आवळला तर पाईप कायम ताणाखाली राहतो आणि पुढे वेल्डिंगपाशी तडकतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी क्रोमवरचे बोटांचे ठसे पुसावेत; तेलकट डाग तापल्यावर कायमचे बसतात.

पहिल्या फेरीनंतर गाडी पूर्ण निवू द्यावी आणि नट पुन्हा तपासावेत, कारण तापून नवे गॅस्केट दबते. सांध्याभोवती काजळी दिसली तर वायू तिथून गळतो आहे. पावसाळ्यात गोदाकाठची काळी माती पाईपच्या खालच्या बाजूला चिकटून ओल धरते, म्हणून ती वरचेवर धुऊन काढावी आणि पाणी निघण्याचे छिद्र असल्यास ते मोकळे ठेवावे.