मागे थांबलेली माणसे

मराठवाड्याच्या नेतृत्वावर लिहायचे म्हटले की दिवाळी अंकांतून दोनच दालने उघडतात. एकात मुख्यमंत्र्यांच्या तसबिरी आणि दुसऱ्यात रझाकार, सरहद्दीवरची शिबिरे, पोलिस ॲक्शन. तिसरे दालन शाळेचे आहे. त्याचे कुलूप काढायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. प्रस्तुत लेखक गेली चाळीस वर्षे हेच एक रडगाणे गातो आहे, असे त्याचे मित्र म्हणतात. म्हणोत बापडे.

नांदेड-लातूरचा पट्टा पाऊणशे वर्षांत चारदा मुळापासून हलला. १९४८, १९७८, १९९३ आणि २०१६. प्रत्येक वेळी व्यासपीठावर पुढारी होतेच. पण मांडव उठल्यावर, सतरंज्या गुंडाळल्यावर मागे कोण थांबले, हे पाहिले तर बहुतेक वेळा एखादा मास्तर सापडतो, किंवा मास्तरासारखी सवय असलेली एखादी बाई. सवय साधीच. माणसे नावानिशी लक्षात ठेवायची, पैशाचा हिशेब द्यायचा आणि ज्याला कळले नाही त्याला न चिडता पुन्हा सांगायचे.

निजामाविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे उदाहरण सर्वांना पाठ आहे, पण ते अर्धेच पाठ आहे. वेंकटेश भवानराव खेडगीकर हा तरुण मराठवाड्यात आला तो हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचा मुख्याध्यापक म्हणून. संन्यास त्यानंतरचा. पुढे मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, योगेश्वरी विद्यालय. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली, १९३८ मध्ये लातूरला दुसरे अधिवेशन झाले आणि त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या जन्माआधीच बंदी आली. या सगळ्या धामधुमीत कार्यकर्ते आले कुठून? शाळांतून. निजामी राज्यात सभा घ्यायची तर परवानगी लागे. वर्ग घेण्यावर मात्र चोवीस तास पहारा ठेवता येत नाही. स्वामीजींच्या लढ्याचा कारखाना वर्गात होता, हे ज्यांना कमीपणाचे वाटते त्यांनी खुशाल बंदुकांच्या कथा लिहाव्यात.

बंदुकांच्या कथेतही लेखकाला आवडते ती वहीच. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लढ्यासाठी लुटली गेली. धाडीचे वर्णन रंगवून सांगणारे पुष्कळ. पण या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि लढा संपल्यावर तो सादरही झाला, हे सांगायला वक्त्यांकडे वेळ उरत नाही. लुटीचा हिशेब देणारी पिढी होती ती. आज मंजूर निधीचा हिशेब मागितला तर मागणाऱ्याचीच चौकशी लागते.

आता अवघड भाग. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपून झेंडा चढला, तिथे आपली भाषणे संपतात. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झाले ते पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने गावोगाव फिरून नोंदवले. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड ज्यांचा काहीही गुन्हा नव्हता अशा मुसलमान शेजाऱ्यांवर उगवला गेला. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेत, आणि रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याची वकिली लातूरचीच, त्यामुळे तिथला राग अधिक. हा अहवाल कित्येक वर्षे कपाटात पडून राहिला. तो काढला की काही मंडळींना मुक्तिलढ्याचा अपमान झाल्यासारखे वाटते. लेखकाला उलटे वाटते. त्याच अहवालात अशीही नोंद आहे, की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना पाठीशी घातले आणि त्याची किंमत जिवानिशी मोजली. धर्म वेगळा, पण माग एकच. त्या विणकरांची नावे कुठल्याही हुतात्मा स्मारकावर नाहीत. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात त्यांच्यासाठी दोन मिनिटे काढली तर झेंडा काही खाली येणार नाही.

मग १९५० चे पीपल्स कॉलेज. स्वामीजींच्या प्रेरणेने नांदेडात महाविद्यालय निघाले, तेव्हा या भागातल्या मुलाला पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागत होती. इथे लेखणी थोडी रेंगाळणार, कारण इथे नरहर कुरुंदकर येतात.

कुरुंदकर मूळ वसमतजवळच्या कुरुंद्याचे, जन्म १९३२. इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास. प्रतिभा निकेतन शाळेत मास्तरकी केली, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि मग प्राचार्य. भरताच्या नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत आणि शिवाजी महाराजांपासून राज्यघटनेपर्यंत कशावरही बोलत. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला जोडलेले त्यांचे दीर्घ पत्र वाचून पुण्या-मुंबईला नांदेडचा पत्ता कळला. पण त्यांचे खरे काम पत्त्याच्या या टोकाला चालले होते. जिंकलेल्या बहुसंख्याकांना त्यांचे दोष सांगायचे आणि बिथरलेल्या अल्पसंख्याकांना त्यांचे. दोघांनाही समोर बसवून, आवाज न चढवता. टाळ्या मिळवायच्या तर एकाच बाजूचे दोष सांगणे सोयीचे. कुरुंदकर दोन्ही बाजूंची नाराजी घेऊन घरी जात.

प्रस्तुत लेखक तेव्हा कॉलेजच्या मागच्या बाकावर बसणारा पोरगा होता. व्याख्यान संपले तरी माणसे उठत नसत. वजिराबादच्या रस्त्याने घोळका चालत राही, चौकात थांबे, पुन्हा चाले. कोणीतरी अडाणी प्रश्न विचारी. हसू दाबणाऱ्यांकडे न पाहता तो प्रश्न नीट करून दिला जाई आणि मग उत्तर. विचारणाऱ्याला वाटे, आपण फारच शहाणे विचारले. माणसाला मोठे करण्याची ही रीत कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात शिकवत नाहीत. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत व्यासपीठावरच कुरुंदकर गेले. वय पन्नासच्या आत.

मुख्यमंत्र्यांबद्दल लिहिलेले उदंड आहे, तेव्हा भरभर. शंकरराव चव्हाणांचे जायकवाडी आणि विष्णुपुरी प्रकल्प, शिवाजीराव पाटील निलंगेकरांची छोटी कारकीर्द, बाभळगावच्या सरपंचपदापासून दोनदा मुख्यमंत्रिपदापर्यंत गेलेले विलासराव देशमुख. एवढेच नोंदवावे, की शंकररावांना लोक ‘हेडमास्तर’ म्हणत. हा पुरावा लेखक आपल्या बाजूला जमा करून घेतो.

१९७८ मात्र भरभर उरकता येत नाही. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंची हत्या झाली. इथे लेखकाचा लाडका सिद्धांत तोंडावर आपटतो, हे कबूल केले पाहिजे. ज्या गावांत तीस वर्षे शाळा चालल्या, त्याच गावांत घरे जळाली, आणि कित्येक मास्तरांनी कड्या लावून घेतल्या. शिक्षणाने माणूस आपोआप माणूस होतो, हा भ्रम त्या पावसाळ्यात वाहून गेला. धीर दाखवला तो घरे जळालेल्यांनी. सोळा वर्षे मागणी सोडली नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामीजींच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले. एका नावासाठी सोळा वर्षे आणि दुसऱ्यासाठी फारशी खळखळ नाही, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

दरम्यान जमीन हलली होती.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी आणि आसपासच्या गावांत आठ हजारांच्या घरात माणसे गेली. भूकंपाने मारले, असे आपण म्हणतो. मारले घरांनी. काळ्या दगडाच्या दोन-तीन फूट रुंद भिंती, सांध्यात माती, आणि भिंतीची आतली-बाहेरची बाजू एकमेकींना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. वर माळवद. दर उन्हाळ्यात गळती थांबवायला त्यावर मातीचा नवा थर. पिढ्यान्‌पिढ्या चढलेले ते वजन झोपलेल्यांवर उतरले. कित्येक घरांत खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या सांडल्या.

मदत अफाट आली. बावन्न गावे नव्या जागी वसली. घरांचे माप मात्र जमिनीवरून ठरले : भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. मरताना सगळे एका ढिगाऱ्याखाली होते. उठताना सातबारा पाहिला गेला. नवी गावे सरळ रेघांची झाली, रस्ते रुंद झाले, आणि पाराऐवजी चौक आले.

लेखकाला जास्त जिव्हाळ्याची आहे ती न हललेल्या गावांची गोष्ट. सुमारे दोन लाख घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती. लोक चिडलेले. शेजारच्याला नवे घर आणि आम्हाला डागडुजी? इंजिनिअरांचे कोणी ऐकेना. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगाने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. डोईवरचा पदर न ढळू देणारी बाई गवंड्याला सांगू लागली : भिंतीला आरपार भोक पाड, त्यात वाकवलेली सळई ठेव, मग काँक्रीट भर, माळवदावरची माती आधी उतरव. सिमेंटच्या पोत्यामागे वाळूच्या तगाऱ्या किती, ती मोजायची. गवंडी हसायचा, ती पुन्हा मोजायची. हा वर्गच होता, फक्त फळ्याऐवजी भिंत होती. पुढे २००१ मध्ये भूज हादरले तेव्हा लातूरकडच्या अशा बायका कच्छमध्ये मदतीला गेल्या. पन्नालाल सुराणांनी नळदुर्गला अनाथ मुलांसाठी ‘आपलं घर’ चालवले, ज्ञान प्रबोधिनीने हराळीत मुक्काम ठोकला, शांतिलाल मुथ्थांनी बाराशेच्या आसपास मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. स्वामीजींच्या शाळेचे हिप्परगा, सास्तूर आणि हराळी आज एकाच लोहारा तालुक्यात येतात. योगायोग म्हणा हवे तर.

२०१६ च्या दुष्काळातली पाण्याची रेल्वे सर्वांनी टीव्हीवर पाहिली आहे. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी लातूरला आले, त्याआधी पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली होती. गाडीवर आपापले फलक लावण्याची चढाओढही पाहिली. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी लोकवर्गणी काढून मांजरा नदीच्या पात्रातला गाळ उपसला. त्याचे चित्रीकरण कमी झाले.

आता गाऱ्हाणे. लातूरने शाहू महाविद्यालयातून परीक्षेच्या तयारीचा जो ‘लातूर पॅटर्न’ उभा केला, त्यामागे सुट्टी न घेता जादा तास घेणारे मास्तर होते. खेड्यातल्या मुलाला डॉक्टर होता येते, हे त्यांनी सिद्ध केले. आज पॅटर्न शिल्लक आहे. मास्तरांच्या जागी चौकाचौकात टोपर्सचे फलक आहेत. २०२४ मध्ये नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या गैरप्रकारांच्या तपासाचा एक धागा लातूरपर्यंत आला, तेव्हा जुन्या शिक्षकांनी माना खाली घातल्या. नेतृत्वविकासाच्या कार्यशाळा हॉटेलांत होतात, शुल्क भरून. अशाच एका कार्यशाळेत प्रस्तुत लेखकाला बोलावले होते. कुरुंदकरांचे नाव घेतल्यावर संयोजकाने हळूच विचारले, “सर, हे कोणत्या बॅचचे?” इंटरला वारंवार नापास झालेल्या त्या माणसाला आज यांच्या दारातही उभे केले नसते.

तेव्हा विनंती एवढीच. भूकंपात तिशीत असलेल्या त्या संवाद सहायक आता साठी ओलांडलेल्या आहेत. १९७८ मध्ये राखेतून भांडी वेचणारी पोरेही साठीच्या पुढेमागे आहेत. नांदेड आणि लातूरच्या महाविद्यालयांनी या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकी दहा विद्यार्थी वही घेऊन लोहारा, औसा आणि टेंभुर्णीच्या बाजूला पाठवावेत, आणि कोण मागे थांबले होते ते नावगावानिशी लिहून आणावे. प्रवासखर्चाची वर्गणी लागली, तर पहिली पावती प्रस्तुत लेखकाच्या नावे फाडावी.